रात्री नाव घेऊ नये

भयकथेचा एक साचा अलीकडे चांगलाच रुळला आहे. ओसाड पडलेले एक घर असते. दूरचित्रवाणीची एखादी वाहिनी त्या घरात आठ-दहा माणसांना ठरावीक दिवस कोंडते, भिंतीभिंतींवर कॅमेरे बसवते आणि शेवटपर्यंत टिकेल त्याला मोठी रक्कम कबूल करते. भुताचा बनाव निर्मात्यांनीच रचलेला असतो. दारे आपटण्याची, दिवे घालवण्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. मग एका रात्री कुणीही न योजलेले दार आपटते आणि नियंत्रणकक्षातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. इथून पुढची कथा वाचकाला बहुधा पाठ असते. आधी कोण जाणार, शेवटपर्यंत अविश्वास कोण दाखवणार, चित्रीकरण थांबवायला कोण नकार देणार, हे तो आधीच सांगू शकतो. तरीही तो ती कथा वाचतो, पाहतो. हा साचा इतका का चालतो, या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस गुंतवून ठेवले आहे. आम्हाला जे उत्तर सुचते त्याचा भुताशी संबंध थोडाच आहे. ते घराशी, आणि घरात बसून एकमेकांची नावे घेण्याच्या खेळाशी निगडित आहे.

नेदरलँड्समध्ये १९९९ साली ‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ च्या कादंबरीतून उचललेले होते. हिंदीत २००६ मध्ये ‘बिग बॉस’ आला आणि मराठीत २०१८ मध्ये. मराठीतली पहिली चार पर्वे महेश मांजरेकर यांनी चालवली, २०२४ च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख आले. या घराची रचना क्षणभर अलिप्तपणे पाहावी. आत घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, फोन नाही. आरशांमागे कॅमेरे आहेत. ज्याला देह नाही असा एक आवाज हुकूम सोडतो आणि सगळे त्याचे मुकाट्याने ऐकतात. काही दिवसांनी एक माणूस घरातून नाहीसा होतो, मग आणखी एक. अदृश्य डोळे, अशरीरी वाणी, काळाचे सुटलेले भान, एकेक करून कमी होणारी माणसे: झपाटलेल्या घराची याहून वेगळी व्याख्या कोणती करता येईल? म्हणजे कादंबरीकार किंवा दिग्दर्शक या घरात भूत आणतो तेव्हा तो मुळात झपाटलेल्या जागेतच आणखी एक पाहुणा आणीत असतो. तो पाहुणा तिथे काय करतो, हे पाहण्यासारखे असते.

आमचे मूळ गाव चिचगड. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ, जंगलाने वेढलेले. गोंदिया जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्याचे होतो, आणि इंग्रजी अमदानीत चिचगड ही त्या जिल्ह्यातली एक जमीनदारी होती. गावाच्या नावातच ‘चिच’ आहे, आणि रात्री चिंचेखाली झोपू नये हे आम्हाला अक्षरओळख होण्याआधीच ठाऊक झाले होते. आमच्या लहानपणीची भुते अशी बाहेर राहणारी होती. कुणी चिंचेवर, कुणी बोडीच्या पाळीवर, कुणी जंगलातल्या पायवाटेवर. चकवा तर नावाप्रमाणे वाटेतच भेटायचा. घरात भूत असल्याची कथा आम्ही गावात क्वचितच ऐकली.

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथा पुढे हाती आल्या, तेव्हा या फरकाचे कारण ध्यानात येऊ लागले. मातीच्या भिंती, वर कवेलू, पुढे छपरी आणि मागे वाडी अशा तीन खणांच्या घरात आठ माणसे राहत असतील, तर भुताला वेगळी खोली कुठून मिळणार? बंद खोली, वापरात नसलेला माडीवरचा भाग, किल्ली हरवलेले कुलूप या गोष्टी ज्यांच्याजवळ गरजेपेक्षा जास्त जागा आहे त्यांच्या घरी असतात. झपाटलेला वाडा ही मालमत्तेची कथा आहे. कुणीतरी ती मालमत्ता कुणाकडून तरी घेतलेली असते, आणि ज्याची घेतली तो परत येतो. ज्यांच्या नावावर फारसे काही नसते त्यांची भुते झाडावर राहतात.

भुताच्या गोष्टी सांगण्याचेही काही नियम होते. पहिला नियम सर्वांना माहीत असतो: रात्री नाव घेऊ नये. दुसरा नियम कुणी शिकवत नसे, तो ऐकता ऐकता कळायचा. जो मेला त्याचे कुणी नात्यातले बसले असेल, तर सांगणारा गोष्ट अर्ध्यात वळवायचा, गाव बदलायचा, बाईचा पुरुष करायचा. भूत खरे की खोटे यावर कुणी वाद घालत नसे. मेलेल्या माणसाची आणि त्याच्या घरच्यांची अब्रू मात्र सांभाळली जाई. १९९५ साली सोनी वाहिनीवर ‘आहट’ सुरू झाली तेव्हा आम्ही शिक्षणासाठी गाव सोडले होते. सुट्टीत परतल्यावर आम्ही आजीला त्या मालिकेतल्या गोष्टी रंगवून सांगत असू. दारे कशी आपोआप उघडली, आरशात काय दिसले, वगैरे. आजी शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची: “पन तो कोनाचा होय?” म्हणजे, ते भूत कोणाच्या घरचे, त्याचे मागे कोण आहे, त्याचे काय राहून गेले आहे. आमच्यापाशी याचे उत्तर बहुतेक वेळा नसे, कारण मालिकेनेच ते दिलेले नसे. आजीला ती गोष्ट मग अपुरी वाटे.

या प्रश्नामागे मेलेल्यांकडे पाहण्याची एक रीत आहे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात. आमच्या भागातल्या गोंड समाजात गेलेले पूर्वज कुळाच्या पेनांमध्ये, म्हणजे देवांमध्ये, जाऊन मिसळतात अशी श्रद्धा आहे, आणि नवे धान्य घरात आले की पूर्वजांचा वाटा आधी काढला जातो. ज्या घरात मेलेल्यांना जागा आहे ते घर तिथे भरलेले घर समजले जाते. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला भयकथेतले एक गृहीतक चमत्कारिक वाटते: घरात मेलेले माणूस वावरते, एवढ्यानेच ते घर भयंकर का व्हावे?

आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले झपाटलेले घर एकच, आणि ते आमच्या गावातले नव्हते. बऱ्याच अंतरावरच्या एका लहान टोल्यावर ते होते. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असू. एका पावसाळ्यात त्या टोल्यावर तापाने दोन-तीन मुले दगावली. बाहेरून बैगा बोलावण्यात आला. त्याने स्वतः कुणाचे नाव घेतले नाही. त्याने जमलेल्यांना विचारले, तुम्हाला कोणावर संशय आहे? पहिल्याने एका विधवेचे नाव सांगितले. दुसऱ्याने तेच सांगितले. तिसऱ्याला आता दुसरे नाव सांगण्याची सोय राहिली नव्हती, कारण वेगळे नाव सांगणारा स्वतःच संशयित ठरला असता. सीमेपलीकडे अशा बाईला टोनही म्हणतात, आणि तो शब्द आमच्या बाजूलाही समजतो. तिला रातोरात भावाच्या गावी जावे लागले. हे सारे आम्हाला मोठ्यांच्या दबक्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यांनी कळले. पुढच्या वर्षी त्या बाजूला जाण्याचा प्रसंग आला तेव्हा तिचे घर दिसले. कवेलू लोकांनी काढून नेले होते, उघड्या भिंती पावसाने विरघळत होत्या. सोबतच्या मुलांनी सांगितले, तिकडे जाऊ नका, त्या घरात भूत आहे. त्या घरात कुणीही मेलेले नव्हते. जिचे ते घर होते ती बाई भावाकडे जिवंत होती.

हा प्रसंग आमच्या मनात नसता, तर वास्तवदर्शी म्हणवणाऱ्या कार्यक्रमांतला ‘नॉमिनेशन’ हा विधी आम्हाला निव्वळ करमणुकीचा वाटला असता. घरातल्या प्रत्येकाने, बाहेर घालवायच्या माणसाचे नाव सांगायचे आणि कारण द्यायचे. कारण सहसा क्षुल्लक असते: ती मिसळत नाही, तो वातावरण बिघडवतो, तिच्यामुळे घरात नकारात्मकता येते. वातावरण बिघडवणारी बाई, हे शब्द त्या टोल्यावरही चालले असते. दोन्हींत मोठा भेद आहे, हे उघड आहे. कार्यक्रमातला माणूस करार करून, मानधन घेऊन आत गेलेला असतो आणि बाहेर पडल्यावर त्याला काही वेळा अधिक कामे मिळतात; टोल्यावरच्या बाईचे छप्पर गेले. पण खेळाचा सांगाडा एकच आहे. एक बंद समूह, एक भीती, नाव मागणारा एक अधिकारी आवाज, आणि आपले नाव येऊ नये म्हणून दुसऱ्याचे नाव घेणारी माणसे. छत्तीसगडने २००५ साली टोनही म्हणून छळ करण्याविरुद्ध कायदा केला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. या कायद्याने भुतावर विश्वास ठेवणे हा गुन्हा ठरवलेला नाही. अमुक व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, असे सांगून तिचे जगणे अवघड करणे हा मात्र गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्याने बोट ठेवले आहे ते नाव घेण्याच्या कृतीवर.

आता या दृष्टीने ‘रागिणी एमएमएस’ हा पवन कृपलानी दिग्दर्शित, २०११ सालचा हिंदी चित्रपट पाहावा. तो प्रसिद्ध झाला तो त्याच्या चावट जाहिरातीमुळे, आणि मराठी समीक्षेने त्याची दखल घ्यावी असे त्या वेळी फारसे कुणाला वाटले नसावे. एक तरुण आपल्या मैत्रिणीला शहराबाहेरच्या घरात घेऊन जातो. तिला न सांगता त्या घरात छुपे कॅमेरे बसवलेले असतात. आपण जे पाहतो त्यातले बरेचसे त्याच कॅमेऱ्यांच्या डोळ्यांतून. त्या घरात एका बाईचे भूत आहे, आणि हिंदी चित्रपटातली ही बाई मराठीत बोलते. ती पुन्हा पुन्हा एवढेच सांगते की ती चेटकीण नाही आणि आपली मुले तिने मारलेली नाहीत. कॅमेऱ्यांनी भरलेल्या घरात सर्वांत जास्त वेळा बोलले गेलेले हे वाक्य म्हणजे एका आरोपीचा बचाव आहे. चित्रपट तिला घाबरवण्यासाठीच वापरतो, हे खरे. तिच्या म्हणण्याची शहानिशा करायला तिथे कुणाला सवड नाही. पण तिचे शब्द ज्याला मातृभाषेत ऐकू येतात त्या प्रेक्षकाची अडचण होते. दचकायचे की ऐकून घ्यायचे, हे त्याला ठरवावे लागते. २०१४ च्या दुसऱ्या भागात त्याच घरात चित्रीकरणासाठी एक चित्रपट-पथक येते. पहिल्या भागातली घटना आता त्यांच्यासाठी पटकथा झालेली असते. ज्या घरात न्याय राहून गेला, ते घर चित्रीकरणासाठी सोयीची जागा म्हणून उरते. आमच्या मते हा या साच्यातला सर्वांत प्रामाणिक तपशील आहे, मग तो दिग्दर्शकाला अभिप्रेत असो वा नसो.

याउलट उदाहरणही आहे. २००९ च्या ‘१३बी’ या चित्रपटात नव्या घरात राहायला आलेल्या कुटुंबाला दूरचित्रवाणीवर एक मालिका दिसू लागते. तिच्यातल्या घटना आणि त्या घरातल्या घटना जुळत जातात, आणि पुढे उलगडते की मालिकेतली माणसे म्हणजे १९७७ साली त्याच जागी मारले गेलेले एक कुटुंब आहे. मेलेल्यांनी आपली हकीकत सांगायला दूरचित्रवाणीचा पडदा निवडला. आजीच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळते. ते कोणाचे, त्यांचे काय राहून गेले, हे सांगितल्याशिवाय कथा पुढे सरकतच नाही.

या सर्वांचा पूर्वज शोधायचा तर ३१ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री बीबीसीने दाखवलेल्या ‘घोस्टवॉच’कडे जावे लागते. स्टीफन वॉक यांनी लिहिलेले ते आधीच चित्रित केलेले नाट्य होते, पण सादरीकरण थेट प्रक्षेपणाचे. मायकेल पार्किन्सन हे नामवंत मुलाखतकार स्टुडिओत स्वतःच्याच नावाने बसलेले, आणि निवेदिका सारा ग्रीन लंडनमधल्या एका साध्या घरात, एक आई आणि तिच्या दोन मुलींच्या सोबत. अनेकांनी ते खरे मानले, प्रेक्षकांचा रोष ओढवला, आणि बीबीसीने तो कार्यक्रम पुन्हा कधी दाखवला नाही. त्यावरच्या चर्चेत प्रेक्षक कसे फसले हेच बहुधा सांगितले जाते. आम्हाला त्यातला एक वेगळा क्षण महत्त्वाचा वाटतो. थोरली मुलगी स्वतःच आवाज काढताना कॅमेऱ्यात सापडते, आणि स्टुडिओतले सगळे तत्काळ तिला लबाड ठरवतात. तिने तसे का केले असेल, ती कशाने घाबरली होती, हा प्रश्न मागे पडतो. कॅमेऱ्याने पकडले, म्हणजे निकाल लागला. पाहणे आणि ऐकणे यांत अंतर असते. कॅमेरा पहिल्या कामात जितका तरबेज, तितका दुसऱ्यात नसतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे शर्ली जॅक्सन आठवावी. झपाटलेल्या घरात प्रयोगासाठी माणसे गोळा करण्याची कल्पना तिच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीने रूढ केली. त्यातल्या एलिनॉरचे नाव घराच्या भिंतीवर उमटते, आणि शेवटी उरलेले सगळे मिळून तिला घराबाहेर पाठवतात. ते तिच्या जिवावर बेतते. याच लेखिकेने त्याआधी अकरा वर्षे, १९४८ साली, ‘द लॉटरी’ ही कथा लिहिली होती. त्या कथेत भूत नाही. एक नीटनेटके गाव दरवर्षी चिठ्ठ्या टाकून आपल्यातले एक माणूस निवडते आणि दगडांनी ठेचून मारते. ही दोन पुस्तके अभ्यासक्रमात सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत पडतात, एक भयकथेच्या आणि दुसरे सामाजिक रूपकाच्या. ती शेजारी ठेवून वाचली की जॅक्सनला काय भयंकर वाटत होते ते स्पष्ट होते.

पण इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. मराठी रंगभूमीवर १९६७ सालीच हे घर उभे राहिले होते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मध्ये मुंबईची एक हौशी मंडळी गावातल्या सभागृहात जमतात. वेळ घालवण्यासाठी खटल्याचा खेळ खेळायचे ठरते. आरोपी म्हणून लीला बेणारेचे नाव पुढे येते, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ हळूहळू खरा होत जातो, आणि ती निघू पाहते तेव्हा दार बाहेरून लागलेले असते. कोंडलेली माणसे, ठरवून दिलेल्या भूमिका, एकीच्या नावावर सगळ्यांचे एकमत. कॅमेरा तेवढा नाही. आरोपही तपासून पाहावा: टोल्यावरच्या विधवेवर मुलांच्या मरणाचा आरोप होता, ‘रागिणी’तल्या मराठी बाईवर मुलांच्या हत्येचा, बेणारेवर पोटातल्या जिवाच्या हत्येचा. समूहाला एका बाईला बाहेर काढायचे असले की आरोप नेमका असाच सापडतो, हा योगायोग नसावा. शेवटी बेणारेला बोलायला काही सेकंद दिले जातात. ती बोलते, दीर्घ बोलते, पण बाकीचे सगळे त्या वेळी थिजलेले असतात. तिचे स्वगत प्रेक्षकांना ऐकू येते, त्या खोलीतल्या एकालाही नाही. जिचे म्हणणे त्याच घरात बसलेल्यांना ऐकू येत नाही, अशा व्यक्तीला भयकथेत आपण भूत म्हणतो. तेंडुलकरांनी भूत न आणता ती अवस्था रंगमंचावर दाखवली.

म्हणून झपाटलेल्या घरातल्या दूरचित्रवाणी-खेळाची नवी कादंबरी किंवा नवा चित्रपट समोर आला, आणि अभ्यासक्रमाबाहेरचे म्हणून विद्यार्थ्यांनी तो संकोचाने चर्चेला आणला, तर शिक्षकांनी नाक मुरडू नये असे आम्हाला वाटते. त्या कृतीला दोन प्रश्न विचारून पाहावेत. या घरात पहिले नाव कोणी घेतले आणि कोणाचे? आणि भूत जे सांगू पाहते ते कथेतल्या एका तरी पात्राने ऐकून घेतले का? या प्रश्नांना जिथे उत्तरे नाहीत ती कृती केवळ दारे आपटण्याची हिकमत ठरते, कितीही कॅमेरे लावले तरी. जिथे उत्तरे मिळतात तिथे ती, बाजारू वेष्टनात का होईना, तेंडुलकरांच्या आणि जॅक्सनच्या घराण्यातली असते.

रात्री नाव घेऊ नये, या नियमाचे कारण विचारले तर लोक सांगतात की नाव घेतले की ते येते. आम्हाला त्या नियमात जिवंत माणसांच्या हिताचे काहीतरी दिसते. अंधार आहे, मुले आजारी आहेत, सगळे घाबरलेले आहेत आणि एकत्र बसलेले आहेत. अशा वेळी तोंडून निघालेले नाव सकाळी परत घेता येत नाही.